पावसाळ्यातील गस्त

मुलांनो, मालवणला रेल्वे नाही. मुंबईची गाडी पकडायची असेल तर आपल्याला कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवली स्थानकावर जावे लागते. जुलै महिन्यात तिथे पोहोचले की हमखास एक वाक्य कानी पडते, "गाडी उशिरा आहे." मग फलाटावरची माणसे चिडतात. कोणी सारखे घड्याळ पाहते, कोणी रेल्वेला बोल लावते. मीही पूर्वी चिडत असे. आता चिडत नाही. का, ते सांगते.

आपल्या जिल्ह्यातून जाणारी कोकण रेल्वे एका महामंडळाने बांधली. हे महामंडळ १९९० साली स्थापन झाले. ई. श्रीधरन हे त्याचे पहिले प्रमुख. जानेवारी १९९८ मध्ये रोह्यापासून मंगळूरपर्यंत पूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. मार्गाची लांबी सुमारे ७४० किलोमीटर. त्यावर ९० हून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा तर साडेसहा किलोमीटर लांब आहे. हे काम करताना अनेक कामगारांना प्राण गमवावे लागले. त्यांचे स्मारक रत्नागिरीला आहे.

रेल्वेच्या वाटेत डोंगर आला तर काय करतात? डोंगर उंच असेल तर पोटातून बोगदा काढतात. उंची कमी असेल तर फणस मधोमध चिरावा तसा डोंगर वरपासून खालपर्यंत चिरतात आणि मधून रूळ नेतात. अशा चिरलेल्या वाटेला रेल्वेची माणसे 'कटिंग' म्हणतात. बोगद्याला निदान छप्पर असते. कटिंगला छप्पर नसते. दोन्ही बाजूंना उभ्या भिंती आणि वर मोकळे आभाळ. खरी जोखीम इथेच आहे.

आपल्या डोंगरांची रचना आठवा. खाली काळा कठीण दगड. वर तांबडा, छिद्रे असलेला जांभा. या दोघांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी मऊ, चिकट मातीचा थर असतो. उन्हाळ्यात ही माती वाळून घट्ट बसते, तेव्हा डोंगर हलत नाही. पण आपल्याकडे वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हे सारे पाणी जागच्या जागी साचले, तर कौलारू घराच्या पडवीवर चढेल! जांभ्याच्या छिद्रांतून पाणी आत मुरते. डोंगराचे वजन वाढते आणि त्याच वेळी खालची माती निसरडी होते. ओल्या साबणाच्या वडीवर वीट ठेवून वडी थोडी तिरपी करा, म्हणजे पुढे काय होते ते दिसेल. दरड कोसळते ती अशी.

२२ जून २००३ च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, वैभववाडीजवळ, हेच घडले. कारवारहून मुंबईकडे सुट्टीची खास गाडी चालली होती. कटिंगमधील दरड रुळांवर आली होती. अंधार, त्यात पाऊस. गाडी दगडांवर आदळली, इंजिन आणि पुढचे डबे रुळांवरून घसरले. ५० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, रायगड जिल्ह्यात आंबवली येथील पुलाजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला असाच अपघात झाला. तेव्हाही रुळांवर दगडच होते.

दोन पावसाळ्यांत दोन अपघात. नशिबाला दोष देऊन थांबणे सोपे होते. पण पाऊस दरवर्षी जूनच्या सुमारासच येतो आणि डोंगर कुठे ठिसूळ आहे हेही पाहून कळते. मग त्याला आकस्मिक कसे म्हणायचे?

या अपघातांनंतर कटिंगची कामे मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आली. उभ्या भिंती कापून त्यांचा उतार कमी केला. सुटे दगड आधीच पाडून टाकले. काही ठिकाणी पोलादी जाळ्या बसवल्या. गाडीच्या खिडकीतून त्या तुम्ही पाहिल्या असतील. डोंगरावर पडलेले पाणी कटिंगमध्ये उतरू नये म्हणून वरच्या बाजूला चर खोदले. मला यांत सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते हे चर. जाळी दगड पडल्यावर अडवते, चर पाणी मुरण्याआधीच बाजूला नेतो.

आता गाडीच्या वेगाकडे वळू. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. ताशी ४० किलोमीटर वेगाने ती फक्त ११ मीटर जाते. ब्रेक लावल्यावर थांबण्यासाठी लागणारे अंतर मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग अडीचपट कमी झाला, तर हे अंतर सुमारे सहापट कमी होते! गणिताच्या तासाला हे करून पाहा. म्हणूनच मुसळधार पावसात समोरचे नीट दिसत नसेल, तर चालकाने वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत खाली आणावा, अशी सूचना आहे. पावसाळ्याचे वेळापत्रकही वेगळे असते. त्यात प्रवासाला मुद्दाम जास्त वेळ धरलेला असतो.

आमच्या ओळखीचे एक चाचा बरीच वर्षे रेल्वेत गस्तीचे काम करत. पावसाळ्यात गस्तवाले रात्री-बेरात्री रुळांच्या कडेने चालत जातात. डोक्यावर इरले नाही, अंगात रेनकोट. हातात बत्ती, खांद्याला पिशवी. पिशवीत झेंड्या, शिट्टी आणि एका डबीत फटाके. दिवाळीचे फटाके नव्हेत! हे चपटे असतात आणि रुळावर बांधता येतात. वरून इंजिनाचे चाक गेले की मोठा आवाज होतो. आवाज ऐकताच चालक सावध होतो आणि गाडी थांबवतो.

दरड दिसली की तिच्यापासून ६०० मीटरवर एक फटाका लावायचा आणि १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. मी चाचांना विचारले, "आपला मार्ग बहुतेक एकेरी. गाडी दोन्हींकडून येऊ शकते. मग आधी कोणत्या बाजूला पळायचे?"

"जिकडून गाडी आधी यायची असेल तिकडे," ते म्हणाले. "म्हणून आमचे वेळापत्रक तोंडपाठ. कागद काढून बघायला पावसात वेळ कुठला?"

भर पावसात, अंधारात, खडीवरून १,२०० मीटर पळायचे. आपल्या शाळेच्या मैदानावर कोरड्या दिवशी एवढे अंतर पळून पाहा.

'खबरदारी' हा शब्द तुम्ही घरी उर्दूत रोज ऐकता. मराठीतही तो तसाच आहे. खबर ठेवणारा तो खबरदार. गस्तवाला अगदी हेच करतो. डोंगराची खबर तो स्थानकाला देतो.

१४ जुलै २०२४ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात दिवाणखवटीजवळ दरड रुळांवर आली. वाहतूक सुमारे एक दिवस बंद राहिली. प्रवासी स्थानकांवर ताटकळले, त्यांचे फार हाल झाले. मात्र दगडांवर एकही गाडी आदळली नाही.

मी चाचांना आणखी एक प्रश्न विचारला होता. इतक्या वर्षांत तुम्हांला किती वेळा फटाके लावावे लागले? ते हसले. एकदाही नाही, म्हणाले. पण रोज संध्याकाळी निघण्यापूर्वी ते डबी उघडून फटाके मोजत, ओलसर तर झाले नाहीत ना ते पाहत, आणि मगच दिवा हातात घेत.