आठवीचा प्रवेश, नववीचा प्रश्न

मार्च सरत आला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. आमची शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. पुढे मुलांना तालुक्याच्या गावी जावं लागतं, त्यामुळे सातवीच्या वर्गावर आसपासच्या चार-पाच हायस्कुलांचा डोळा असतो. पट घसरला की संचमान्यतेत तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो. म्हणून बिचारे शिक्षकच सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवरून मुलं गोळा करत हिंडतात. कुणी दप्तर देऊ करतं, कुणी गाडीचं भाडं माफ करतं. पालकांच्या हातात रंगीत पत्रक पडतं आणि घरोघरी तेच ते समज पुन्हा उगवतात.

‘निकाल शंभर टक्के, म्हणजे शाळा चांगली’

मागच्या वर्षी टेम्पो चालवणारे एक वडील असंच पत्रक घेऊन आले. ‘गुरुजी, पोरीला हितं घालू का? सलग चार वर्षं शंभर टक्के हाय.’ पत्रकावर नऊ मुलांचे फोटो, प्रत्येकाखाली नव्वदच्या वरचा आकडा. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं : परीक्षेस बसलेले ३८, उत्तीर्ण ३८. मी विचारलं, ‘या शाळेत नववीला तुकड्या किती?’ त्यांचा पुतण्या तिथेच शिकत होता. ‘दोन. एकेकीत पन्नासभर पोरं.’

मग शंभरातली बासष्ट गेली कुठे?

निकालाची टक्केवारी काढताना भागायचं असतं दहावीला बसलेल्यांच्या संख्येनं. आठवीत आलेल्यांचा तिथे हिशेब नसतो. नववीची वार्षिक परीक्षा शाळेची स्वतःची. पेपर तिचे, तपासणी तिची. कच्चं पोर तिथेच थोपवता येतं. किंवा वडिलांना बोलावून गोड शब्दांत सांगता येतं, ‘दाखला घेऊन जा, बाहेरून बसवा.’ बाहेरून म्हणजे १७ नंबरचा फॉर्म भरून, खासगी विद्यार्थी म्हणून. असा मुलगा मग त्या शाळेच्या निकालात धरला जात नाही. सगळ्याच शाळा हे करतात असं मी म्हणणार नाही. पण जी शाळा आपली ९६ च्या ९६ मुलं परीक्षेला बसवते आणि त्यांतली ९२ पास होतात, तिचा निकाल ९५.८ टक्के लागतो आणि पत्रकांच्या बाजारात ती मागे पडते. माझं पोर वर्गात मधल्या बाकावरचं असेल, तर मी डोळे मिटून याच शाळेत घालीन.

मुख्याध्यापकांना विचारायचा प्रश्न एवढाच : दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुलं होती आणि यंदा दहावीला किती बसली? थोडाफार फरक पडायचाच, बदल्या होतात, स्थलांतर होतं. निम्मा वर्ग गायब असेल तर मात्र पत्रक घडी करून खिशात घालावं.

‘पंचवीस टक्क्यांतून नंबर लागलाय, आता दहावीपर्यंत काळजी नाही’

शहरातल्या माझ्या बहिणीच्या शेजाऱ्यांनी पहिलीच्या लॉटरीत नंबर लागला तेव्हा पेढे वाटले होते. आठवीचा निकाल घ्यायला गेले तेव्हा नववीच्या फीचा आकडा हातात पडला. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, आणि तो आहे ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी, पहिली ते आठवी. खासगी विनाअनुदानित शाळेतली २५ टक्क्यांतली मोफत जागा आठवीला संपते. नववीपासून इतरांना जी फी, तीच.

त्याच रेघेवर आणखीही गोष्टी संपतात. शाळेतली खिचडी, जिला आता पीएम पोषण म्हणतात, ती आठवीपर्यंत. समग्र शिक्षामधून येणारी मोफत पुस्तकं आठवीपर्यंत. आठवी ते नववी हा एका इयत्तेचा प्रवास दिसतो, पण घरखर्चाच्या वहीत तो खड्डा असतो. म्हणून मी पालकांना सांगतो की आठवीला शाळा निवडता आहात खरं, पण डोळ्यासमोर नववी धरा. शाळेत दहावीपर्यंतची फी आत्ताच लेखी मागा. महाराष्ट्रात शुल्क विनियमनाचा २०११ चा कायदा आहे. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात, आणि समितीनं मान्य केलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. ही समिती आपल्या शाळेत आहे का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

आणि ‘आठवीपर्यंत नापास करत नाहीत’ हेही आता जुनं झालं. राज्यानं २०२३ मध्ये नियम बदलले. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, त्यात राहिलं तर फेरपरीक्षा, तिथेही राहिलं तर तोच वर्ग पुन्हा.

‘फुकट तिथे शिक्षणही तसलंच’

अनुदानित शाळेत फी नाही याचा अर्थ तिथला खर्च कुणी करत नाही असा नव्हे. शिक्षकांचा पगार सरकार देतं. फीच्या पावतीवरून शिकवण्याची प्रत कळत नाही. कळते ती गणित-विज्ञानाच्या शिक्षकाची जागा भरलेली आहे की तासिकेवर कुणी येतंय, यावरून.

इथे एक हिशेब पालकांच्या नजरेतून हमखास सुटतो. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत (अनुसूचित जाती-जमातींना यात सूट आहे). बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर. निवड झाली की नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये, चार वर्षांचे ४८,०००. पण ही परीक्षा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित शाळेत नाव घातलं की परीक्षेला बसता येत नाही, आणि शिष्यवृत्ती मिळाल्यावर तिकडे गेलं तर ती पुढे चालू राहत नाही. माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलाला मामानं सातवीनंतर हौसेनं महागड्या शाळेत नेलं. फी तर भरलीच, शिष्यवृत्तीची संधीही गेली.

‘सेमी घेतलं नाही तर सायन्सचं दार बंद’

असं कोणतंही दार नाही. अकरावी विज्ञानाला प्रवेश देताना दहावीचे गुण बघतात, माध्यम नाही. सेमी इंग्रजी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. बोर्ड तेच, परीक्षा तीच. बालभारतीच्या मराठी पुस्तकात ‘अपवर्तन’ शब्दाशेजारी कंसात ‘रिफ्रॅक्शन’ छापलेलं असतं. नीट आणि जेईई मेन या परीक्षांची प्रश्नपत्रिकाही मराठीतून घेता येते. एवढं खरं की अकरावी विज्ञानाची पुस्तकं आणि शिकवणं इंग्रजीत असतं, आणि मराठीतून आलेल्या मुलाची पहिली सहामाही जड जाते.

मी सेमीच्या विरोधात नाही. पाचवीपासून नीट रुजवलं तर ते छान चालतं. घोळ होतो तो सातवीपर्यंत सगळं मराठीत शिकलेल्या मुलाला आठवीत एकदम तिकडे ढकलण्यात. अशा कित्येक वर्गांत पुस्तक इंग्रजी, शिकवणं मराठी आणि उत्तरं पाठ, असा तिहेरी कारभार चालतो. एका मुलीनं मला ‘ट्रँगल’ची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली आणि काटकोन कुठला ते दाखव म्हटल्यावर पुस्तकाकडे बघत बसली. निर्णयाआधी घरीच एक करून बघता येतं. सातवीच्या इंग्रजी गणिताच्या पुस्तकातलं एक शाब्दिक उदाहरण मुलाला वाचायला द्यावं. सोडवायला नको, त्यात काय विचारलंय ते मराठीत सांगितलं तरी पुरे. सांगितलं तर खुशाल सेमी.

‘सीबीएसई केलं की नीट-जेईई सोपी’

या परीक्षा अकरावी-बारावीच्या अभ्यासावर होतात. दहावीनंतर बोर्ड बदलता येतं आणि हजारो मुलं बदलतात. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीसाठीची एमएचटी-सीईटी तर राज्य मंडळाच्याच अभ्यासक्रमावर असते, साधारण २० टक्के अकरावी आणि ८० टक्के बारावी. बोर्ड बदलायचंच असेल तर आठवीला किंवा दहावीनंतर बदलावं. नववी एका बोर्डात आणि दहावी दुसऱ्यात हा खेळ जिकिरीचा. ‘सीबीएसईत मराठीची कटकट नाही’ म्हणणाऱ्यांसाठी : २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची आहे.

आठवीपासून ‘फाउंडेशन’ची जाहिरात करणाऱ्या क्लासवाल्यांबद्दल एवढंच सांगतो की केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १६ वर्षांखालच्या मुलाला कोचिंगला घेऊ नये.

‘जोडून ज्युनियर कॉलेज आहे, अकरावी पक्की’

पक्की नाही. त्याच शाळेच्या मुलांसाठीचा इनहाउस कोटा १० टक्के जागांचा. बाकी अर्ज ऑनलाइन, आणि २०२५ पासून ते सगळ्या राज्यात.

‘पोराला काय कळतंय?’

मला वाटायचं तेच. म्हणून काही वर्षांपूर्वी सातवीची मुलं दोन हायस्कुलांत मधल्या सुट्टीच्या वेळी नेली आणि परत येताना विचारलं, काय पाहिलंत? मी संगणक कक्ष, प्रयोगशाळा अशा उत्तरांची वाट बघत होतो. एकजण म्हणाला, प्रयोगशाळेच्या कुलपाला गंज आहे. एका मुलीनं सांगितलं, मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही, एक दार धरून उभी राहते तेव्हा दुसरी जाते. तिसरा म्हणाला, एका शाळेत सर वर्गात शिरले की पोरं एकदम गप्प होतात, आणि दुसरीतले सर पोरांशी हसत होते. माझ्या यादीत यातलं काहीच नव्हतं.

मुली शाळा सोडतात ती पुष्कळदा अभ्यासामुळे नव्हे, रस्त्यामुळे आणि त्या कडीमुळे. एसटीचा पास ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे, त्यामुळे लांबची शाळा परवडते असं वाटतं. पण पास मोफत असून भागत नाही, गाडी वेळेवर हवी. आमच्या स्टँडवरची गाडी दहा चाळीसला तालुक्याला पोचते. एका शाळेची घंटा अकराला होते, दुसरीची साडेदहाला. दुसरीत गेलेल्या मुलींचा पहिला तास रोज बुडतो, आणि पहिला तास बहुधा गणिताचा असतो. संध्याकाळची शेवटची गाडी चुकली तर काय, हेही शाळेच्या निवडीतच धरायला हवं. मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी वेगळ्या निळ्या गाड्या आहेत. आमच्याकडे नाहीत, आम्ही त्या दहा चाळीसच्या भरवशावर.

‘दाखल्यातल्या चुका दहावीला बघू’

बघू नका. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव आणि जी जन्मतारीख उतरते ती आयुष्यभर चिकटते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की व्हरांड्यातच उभं राहून नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात वाचा आणि आधार कार्डाशी ताडून बघा. जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरवरून दुरुस्ती करून घेणं आत्ता सोपं असतं. आणि नव्या शाळेचा यू-डायस क्रमांक विचारा. तो अकरा आकडी, महाराष्ट्रात २७ नं सुरू होतो. नववी-दहावीला मान्यता आहे का आणि बोर्डाचा इंडेक्स नंबर शाळेचा स्वतःचा आहे का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावं. वर्ग स्वतःचे आणि परीक्षेचे फॉर्म दुसऱ्याच शाळेच्या नावानं, असाही प्रकार मी पाहिला आहे.

टेम्पोवाले वडील आठ दिवसांनी परत आले. ‘गुरुजी, नववीचा पट इचारला. क्लार्क म्हणला सायबांना इचारा. सायब म्हणले पोरीला घेऊन या, आधी परीक्षा घिऊ.’ मी म्हटलं, आठवीच्या प्रवेशाला अशी चाळणी परीक्षा शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे घेताच येत नाही. त्यावर ते हसले. भांडायला त्यांच्याकडे वेळ नव्हता, टेम्पोत कांदा भरलेला होता. दुसऱ्या एका हायस्कूलमध्ये बाईंनी काही न बोलता हजेरीपत्रकच उघडून समोर ठेवलं होतं म्हणे, आठवीचं एक आणि दहावीचं एक. वडिलांना वाचायला वेळ लागतो, म्हणून पोरीनंच बोट ठेवून दोन्हीकडची नावं मोजली. पहिल्यात एकावन्न, दुसऱ्यात सत्तेचाळीस.

‘चार कुठं गेली ते पन इचारलं तिनं,’ ते म्हणाले. ‘बाईंनी चारी नावं सांगितली.’