हात आधी, आवाज नंतर

 लांज्याकडच्या एका वाचकाचा प्रश्न आला आणि शिमगा झाला की आपल्या जिल्ह्यात एडिटिंगला बसणाऱ्या कितीतरी जणांना तो छळतो, म्हणून आज तोच घेऊ.

त्यांच्या वाडीचं नमन रात्रभर चाललं. चित्रण मोबाइलवर केलं, आवाज मिक्सरवरून वेगळ्या रेकॉर्डरमध्ये घेतला. गणातल्या पहिल्या थापेवर दोन्ही जुळवलं, तेव्हा चोख बसलं. गवळण येईपर्यंत मात्र मृदंगावर हात आधी पडतोय आणि आवाज मागाहून येतोय. रेकॉर्डर बिघडला असेल का, असं ते विचारतात.

रेकॉर्डर धडधाकट आहे. चळतो तो मोबाइलचा फ्रेम रेट. सेटिंगमध्ये 30 लिहिलेलं असलं तरी मोबाइल दर सेकंदाला नेमक्या 30 फ्रेम घेईलच असं नाही. उजेड कमी झाला की प्रत्येक फ्रेमला जास्त प्रकाश मिळावा म्हणून तो वेग उतरवतो, काही फोन थेट 24 वर येतात. फोन तापला तरी फ्रेम गळतात. हॅलोजनखाली गण चालू असताना वेग ठीक असतो, संकासुर उजेडाबाहेर गेला की तो घसरतो. फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमची वेळ नोंदलेली असते, पण काही एडिटिंग सॉफ्टवेअर ती नोंद नीट पाळत नाहीत आणि सगळ्या फ्रेम सारख्या अंतराने मांडतात.

हिशोब करून पाहा. तासाभरात सेकंदाला सरासरी 29.5 फ्रेम पडल्या तर एकूण झाल्या 1,06,200. त्या 30 च्या वेगाने चालवल्या तर 59 मिनिटांत संपतात. म्हणजे तासाला अख्ख्या एका मिनिटाचा फरक! आवाज तेवढा आखडून घ्यावा असं वाटतं, पण ते करू नका. वेग सगळीकडे सारखा घसरलेला नसतो, त्यामुळे शेवट जुळला तरी मधली बतावणी चुकते.

आधी खात्री करा. मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा. फ्रेम रेट मोडसमोर ‘व्हेरिएबल’ दिसलं की निदान झालं. मग फाइल टाइमलाइनवर टाकण्याआधीच बदलून घ्यायची. हँडब्रेक या प्रोग्रॅममध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून हे होतं, पण त्यातून सहसा पुन्हा एच. 264 सारखंच निघतं, म्हणजे बहुतेक फ्रेम स्वतंत्र नसून शेजारच्या फ्रेमवर अवलंबून असण्याचा अडथळा तसाच राहतो. मी शटर एन्कोडर सुचवेन. तोही मोफत आहे आणि थेट प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या फॉरमॅटमध्ये फाइल देतो. एकाच फेरीत फ्रेम रेट स्थिर होतो आणि प्रत्येक फ्रेम स्वतंत्रही होते, त्यामुळे कट मारताना संगणक अडखळत नाही.

किंमत डिस्कवर मोजावी लागते. आयफोनचं एचईव्हीसीतलं 1080 चं चित्रण मिनिटाला साधारण 60 एमबी, म्हणजे तासाला साडेतीन जीबीच्या आसपास. तेच प्रोरेस 422 मध्ये तासाला 66 जीबी होतं. रात्रभराच्या नमनाला हे परवडत नाही, म्हणून प्रोरेस एलटी घ्या, तासाला 46 जीबी. मोबाइलच्या आठ बिटी चित्रणाला एलटी पुरेसं आहे. 422 एचक्यू घेतल्याने मुळात नसलेला तपशील काही उगवत नाही. मूळ फायली मात्र कधीही पुसू नका.

30 चं चित्रण याच फेरीत 25 वर आणायचा मोहही टाळा. दर सहा फ्रेममधली एक टाकून द्यावी लागते आणि पालखी नाचवतानाची सलग हालचाल झटके देऊ लागते. 30 चं 30 च ठेवा.

25 हवं असेल तर ते चित्रीकरणाच्या वेळीच हवं, आणि आपल्याकडे त्याला कारणही आहे. आपली वीज 50 हर्ट्‌झची, त्यामुळे मांडवातले ट्यूब आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवलं की ती लुकलुक चित्रात उतरत नाही. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय आहे, तो चालू केला की 25 मिळतं. तिथेच कमी उजेडात आपोआप वेग उतरवणारा ‘ऑटो एफपीएस’ बंद करा. अँड्रॉइडवर हे हातात हवं असेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत अ‍ॅप आहे, मात्र ते सगळ्या फोनवर चालत नाही. आपल्या फोनवर चालतं का, ते नमनाच्या रात्रीआधी घरच्या ट्यूबखाली पाहून घ्या.