कबड्डी सामने, ग्रामीण

गावोगावच्या संघांमध्ये, गावाच्याच मैदानावर व गावकऱ्यांच्या उपस्थितीत खेळले जाणारे कबड्डीचे स्पर्धात्मक सामने. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत असे सामने होत असले, तरी कोकणात आणि त्यातही रायगड (१९८१ पर्यंत कुलाबा) जिल्ह्याच्या पेण, अलिबाग, रोहा व उरण या तालुक्यांत त्यांना लोकोत्सवाचे स्वरूप लाभले आहे. या सामन्यांतील प्रेक्षक हा तिकीट काढून आलेला त्रयस्थ नसतो. मैदान तयार करण्यात त्याचा हात असतो, खर्चात त्याची वर्गणी असते आणि खेळणाऱ्यांमध्ये त्याचा मुलगा, भाऊ किंवा भाचा असतो. त्यामुळे संघाचा जय वा पराजय हा सात खेळाडूंपुरता न राहता संपूर्ण गावाचा मानला जातो. ग्रामीण कबड्डीचे सामाजिक महत्त्व प्रामुख्याने या नात्यात आहे.

खेळाचे स्वरूप व पूर्वेतिहास : कबड्डी हा खेळ भारताच्या निरनिराळ्या प्रांतांत वेगवेगळ्या नावांनी व नियमांनी खेळला जात असे. महाराष्ट्रात तो हुतूतू या नावाने रूढ होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यास नियमबद्ध रूप देण्याचे प्रयत्न महाराष्ट्रातील संस्थांनी केले. १९२३ मध्ये बडोदे येथे हिंदविजय जिमखान्याच्या वतीने झालेल्या स्पर्धा हा त्यातील एक महत्त्वाचा टप्पा होय. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक सादर केले. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली व १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडासामन्यांत कबड्डीला अधिकृत स्थान मिळाले. महाराष्ट्रातील संघटनकार्यात शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा वाटा मोठा असून त्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

हा खेळ खेड्यात रुजण्याची काही कारणे त्याच्या रचनेतच आहेत. पुरुषांच्या सामन्यास १३ मी. लांब व १० मी. रुंद एवढे क्रीडांगण पुरते. साहित्य म्हणून काहीही विकत घ्यावे लागत नाही. प्रत्येक बाजूचे सात खेळाडू मैदानात उतरतात आणि मध्यंतरासह सुमारे पाऊण तासात सामना निकालात निघतो. क्रीडांगण लहान असल्याने प्रेक्षक सीमारेषेपासून काही हातांच्या अंतरावर बसतो. चढाई करणाऱ्याचा दम, पकड करणाऱ्यांचे एकमेकांना केलेले इशारे आणि पंचाचा निर्णय या सर्व गोष्टी त्यास प्रत्यक्ष दिसतात व ऐकू येतात. बाद झालेला खेळाडू प्रतिपक्षाचा गडी बाद होताच पुन्हा ‘जिवंत’ होतो, हा नियमही प्रेक्षकाची आशा अखेरपर्यंत टिकवून धरतो. एकटा उरलेला गडी लोण वाचविण्यासाठी चढाईस निघतो, तेव्हा त्याच्या संघाबरोबर त्याचे गावही श्वास रोखून बसलेले असते.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी : पेण तालुक्यातील डोलवी, वडखळ व आसपासची गावे धरमतर खाडीच्या परिसरात वसलेली आहेत. भरतीचे पाणी अडविण्यासाठी मातीचे बांध घालून, त्यांना उघाड्या ठेवून येथील खारभूमी लागवडीखाली आणण्यात आली. भात हे येथील मुख्य पीक असून वस्ती प्रामुख्याने आगरी व कोळी समाजांची आहे. खारबंदिस्ती ही एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातील गोष्ट नव्हे. एका ठिकाणी बांध फुटून खांड पडली, तर खारे पाणी साऱ्यांच्याच शेतात शिरते व जमीन नापीक होते. त्यामुळे हाक येताच घरटी माणूस बांधावर पाठविण्याची शिस्त गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. शासनाने १९४८ व १९७९ च्या कायद्यांन्वये खारभूमी संरक्षणाची जबाबदारी बऱ्याच अंशी स्वतःकडे घेतली, तरी गावकीच्या शब्दाचे वजन टिकून राहिले. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ ते १९३९ या काळात केलेला दीर्घ संप याच एकजुटीचा निदर्शक होय.

कबड्डीने ही एकजूट निर्माण केली असे म्हणता येणार नाही. पूर्वीपासून असलेल्या एकजुटीला तिने एक नवे व आनंददायक निमित्त मिळवून दिले. मैदान तयार करण्याची पद्धत पाहिली असता हे स्पष्ट होते. पावसाळा संपून भाताची कापणी व झोडणी उरकल्यावर शेते मोकळी होतात. गावालगतची एखादी सपाट जागा निवडून तरुण मंडळी तेथील धसकटे व दगड काढतात, माती खणून भुसभुशीत करतात, ती चाळून पाणी शिंपडतात आणि रूळ फिरवून जमीन समतल करतात. शेवटी फक्कीने मध्यरेषा, निदानरेषा व बोनस रेषा आखल्या जातात. बांधावर चालणारे फावडे व घमेलेच येथे उपयोगी पडते आणि कामाची वाटणीही त्याच पद्धतीने होते.

स्पर्धांचे संयोजन : गावातील क्रीडा मंडळाचे नाव बहुधा हनुमान, भैरवनाथ, गणेश यांसारख्या दैवताचे असते व त्यापुढे गावाचे नाव जोडलेले असते. ध्वनिक्षेपकावरून संघाचा पुकारा मात्र पुष्कळदा केवळ गावाच्या नावाने होतो. ग्रामदैवताची जत्रा, हनुमान जयंती, शिवजयंती किंवा मंडळाचा वर्धापनदिन अशा निमित्ताने स्पर्धा भरविल्या जातात. दिवस ठरला की निमंत्रणे जातात, घरटी वर्गणी काढली जाते व चषकांसाठी देणगीदार शोधले जातात. बाहेरगावच्या संघांच्या चहापाण्याची जबाबदारी यजमान गाव उचलते. वीज गावोगाव पोहोचल्यानंतर प्रकाशझोतातील सामने रूढ झाले. बाद पद्धतीने संध्याकाळी सुरू झालेली स्पर्धा पुष्कळदा पहाटेपर्यंत चालते आणि दुसऱ्या दिवशी कामावर जावयाचे असूनही माणसे अंतिम सामना संपेपर्यंत हलत नाहीत.

प्रेक्षकवर्ग : पुढील रांगांत जमिनीवर मुले बसतात. त्यांच्यामागे वडीलधारी मंडळी व स्त्रिया असतात आणि सर्वांत मागे तरुणांची गर्दी उभी राहते. मैदानालगतची घरे, ओटे, गच्च्या व उभी केलेली वाहने हीदेखील प्रेक्षकांची आसने ठरतात. ज्येष्ठांपैकी अनेकांनी तारुण्यात स्वतः गावाच्या संघातून खेळलेले असते. त्यामुळे त्यांचा दाद देण्याचा वा नापसंती दर्शविण्याचा अधिकार सर्वमान्य असतो. कोपऱ्यातील खेळाडूने घोट्याची पकड केव्हा करावी आणि चढाईपटूने निदानरेषा ओलांडून केव्हा परतावे, याविषयी हा प्रेक्षक जाणकार असतो. स्थानिक बोलीतील समालोचन हे या सामन्यांचे आणखी एक आकर्षण आहे. समालोचकास प्रत्येक खेळाडूचे घर व घराणे ठाऊक असते व त्याच्या कोपरखळ्या खेळाइतक्याच आवडीने ऐकल्या जातात.

पारितोषिकांत विजेते व उपविजेते संघ, तसेच उत्कृष्ट चढाई व उत्कृष्ट पकड यांबरोबरच ‘पब्लिक हिरो’ असे एक पारितोषिक अनेक स्पर्धांत दिले जाते. हे बक्षीस गुणसंख्येवर अवलंबून नसते. ज्याच्या खेळाने प्रेक्षकांना जिंकले, त्यास ते मिळते. प्रेक्षकांच्या पसंतीला अशा प्रकारे औपचारिक मान्यता देण्याची ही प्रथा लक्षणीय होय. एखाद्या चढाईवर खूष होऊन प्रेक्षकाने तेथल्या तेथे रोख बक्षीस जाहीर करण्याचीही पद्धत आहे. मुंबईस नोकरीनिमित्त राहणारे गावकरी जत्रेप्रमाणेच सामन्यांसाठीही रजा काढून गावी येतात. सासरी गेलेल्या मुली माहेरच्या संघाची चौकशी करतात आणि सासर व माहेर यांचे संघ समोरासमोर आल्यास थट्टेला ऊत येतो.

शालेय कबड्डी : ग्रामसंघास लागणारी नवी पिढी शाळांतून तयार होते. क्रीडा खात्यामार्फत १४, १७ व १९ वर्षांखालील मुलामुलींसाठी तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा क्रमाने शालेय स्पर्धा घेतल्या जातात. राज्य संघटनेशी संलग्न असलेल्या जिल्हा संघटनेच्या किशोर व कुमार गटांच्या स्पर्धा हा दुसरा मार्ग आहे. शाळेचा संघ विजयी होऊन परतला की गुलाल उधळून मिरवणूक काढली जाते व तीत पालकांइतकेच इतर गावकरीही सामील होतात. पोलीस, रेल्वे, बँका व औद्योगिक कंपन्या यांच्या संघांत खेळाडूंना नोकऱ्या मिळत आल्याने अनेक कुटुंबांना या खेळाने स्थैर्य दिले. मुलींच्या बाबतीत शाळा हीच बहुधा पहिली व पुष्कळदा एकमेव संधी असते. ग्रामसामन्यांना स्त्रिया प्रेक्षक म्हणून मोठ्या संख्येने येतात, परंतु शालेय वय संपल्यावर मुलीचे मैदान सुटण्याचे प्रमाण अधिक आहे.

अन्यत्र आढळणारी उदाहरणे : खेळाचा संघ हा वस्तीचा प्रतिनिधी मानण्याची वृत्ती सार्वत्रिक आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लहान शहरांत माध्यमिक शाळांचे अमेरिकन फुटबॉलचे सामने शरद ऋतूत शुक्रवारी रात्री होतात. त्या वेळी वाद्यवृंद, माजी विद्यार्थी व नागरिक मैदानावर एकत्र येतात. टेक्सस राज्यातील ओडेसा येथील पर्मियन हायस्कूलच्या संघावर एच. जी. बिसिंजर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या भक्तीबरोबरच किशोरवयीन खेळाडूंवर पडणाऱ्या गावाच्या अपेक्षांच्या ओझ्याचेही चित्रण आहे. कोल्हापुरात फुटबॉल पेठा व तालमी यांच्याशी निगडित आहे. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ इ. संघांचे समर्थक शाहू स्टेडियमवर हजारोंच्या संख्येने जमतात. गोव्यात, विशेषतः सासष्टीत, कापणीनंतरच्या भातशेतांत फुटबॉल खेळला जातो. रायगडच्या खारपट्टीतील कबड्डीशी त्याचे साम्य उघड आहे. हंगामानंतर मोकळी झालेली शेते व मोकळे झालेले हात यांतूनच दोन्ही खेळ उभे राहिले.

दोष व मर्यादा : गावाच्या अभिमानाचे रूपांतर कधीकधी दुराग्रहात होते. पंचाच्या निर्णयावरून वाद, सामना अर्धवट सोडणे व क्वचित हाणामारी असे प्रकार घडतात आणि दोन गावांतील जुने तंटे मैदानावर उकरून काढले जातात. पराभवाचा दोष एखाद्या तरुण खेळाडूच्या माथी मारला गेला, तर त्याला गावात वावरणे कठीण होते. जिंकण्याच्या ईर्ष्येने मोबदला देऊन बाहेरचे खेळाडू आणले की गावातील होतकरू मुलांची संधी हिरावली जाते व संघ नावापुरताच गावाचा उरतो. गुडघा व खांदा यांच्या दुखापतींवर वेळीच उपचार न झाल्याने चांगल्या खेळाडूंची कारकीर्द अकाली संपते. निवडणुकीच्या काळात देणगीदारांची संख्या वाढते आणि मंडळात गट पडण्याचा संभव निर्माण होतो.

बदलती परिस्थिती : गेल्या काही दशकांत या परिसराचे स्वरूप पालटले आहे. नागोठणे येथील पेट्रोरसायन संकुल, रोह्याजवळील धाटावची औद्योगिक वसाहत आणि डोलवी येथील पोलाद कारखाना यांमुळे शेतीखालील जमीन घटली व पाळ्यांमध्ये काम करणारा नवा कामगारवर्ग उदयास आला. डोलवीचा कारखाना इस्पात उद्योगसमूहाने उभारला होता. २०१० मध्ये तो जेएसडब्ल्यू समूहाकडे गेला. दुसरीकडे, कोकणातील तरुणांना आसरा देणाऱ्या मुंबईच्या कापडगिरण्या १९८२ च्या संपानंतर हळूहळू बंद पडल्या व गिरणगावातील मंडळे आणि गावाकडचे संघ यांच्यातील जुना दुवा क्षीण झाला.

२०१४ मध्ये आठ संघांसह सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने खेळाला दूरचित्रवाणीद्वारा मोठा प्रेक्षकवर्ग व खेळाडूंना उत्पन्नाचे नवे साधन मिळवून दिले. तथापि या स्पर्धेतील संघ खेळाडूंच्या लिलावातून बनतात व सामने मॅटवर, पायांत बूट घालून खेळले जातात. मातीवर अनवाणी घडलेल्या खेळाडूला मॅटचा सराव मिळणे आवश्यक झाले आहे, पण मॅटचा खर्च लहान मंडळांना झेपत नाही. मातीचे मैदान मात्र श्रमदानातून तयार होते. म्हणून गावाला त्याची जागा मॅट सहजासहजी घेईल असे दिसत नाही.

पेण-रोह्याकडील अनेक गावांपुढील खरा प्रश्न जागेचा व माणसांचा आहे. गावाशेजारची मोकळी शेते भराव टाकून बांधकामाखाली जात आहेत आणि पाळीवर जाणाऱ्या तरुणांना एकाच संध्याकाळी एकत्र आणणे अवघड होत आहे. अशाही स्थितीत हे सामने चालू राहिले आहेत, याचे कारण केवळ खेळाच्या लोकप्रियतेत शोधणे पुरेसे होणार नाही. शेती सुटल्यावर व बांधाची राखण शासनाकडे गेल्यावर साऱ्या गावाने एकत्र येऊन पार पाडावयाची कामे थोडी उरली. सामन्याचे मैदान आखणे हे त्यांपैकी एक आहे. जेथे हे काम गावकरी स्वतः करतात, तेथे कबड्डीचा प्रेक्षकही टिकून आहे.