पुरुषांकरितां संततिनियमनाची लस

गोवराची लस टोंचली म्हणजे शरीराला एक धडा मिळतो. परका शत्रु कसा ओळखावा व त्याला कसा अडवावा, हें तें शिकतें. हाच धडा पुरुषाच्या शरीराला त्याच्याच शुक्रजंतूंविषयीं शिकवितां येईल काय, हा आजचा विषय आहे.

शरीर स्वकीयांवर शस्त्र कां उगारील, अशी शंका आपणांस येईल. तिचें उत्तर असें कीं, आपलें कोण व परकें कोण याची ओळख शरीर फार लहानपणीं करून घेतें. शुक्रजंतु मात्र वयांत आल्यावर निर्माण होतात. रक्तांतील पहारेकऱ्यांच्या दृष्टीस ते पडूं नयेत म्हणून निसर्गानें वृषणांत पेशींची भिंत उभारली आहे. नसबंदीनंतर शुक्रजंतु बाहेर झिरपतात, आणि पुष्कळ पुरुषांच्या रक्तांत त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्यें आढळतात. म्हणजे कल्पना निराधार नाहीं.

परंतु सबंध शुक्रजंतु टोंचणें धोक्याचें. त्यायोगें वृषणांसच दाह होण्याची भीति. म्हणून शास्त्रज्ञ त्याच्या पृष्ठभागावरील एखादेंच प्रथिन निवडतात. 'एपिन' हें असें एक प्रथिन आहे. वीर्यांतील दुसरें एक प्रथिन एपिनला चिकटतें, तेव्हां शुक्रजंतूची हालचाल थांबते. पुढें तें प्रथिन तुटलें कीं तो मोकळा होऊन पोहूं लागतो. एपिनवर प्रतिद्रव्य बसलें तर ही सुटका नीट होत नाहीं. जंतु निर्माण होतो, पण प्रवासास निघत नाहीं.

२००४ सालीं अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथील शास्त्रज्ञांनीं आपला प्रयोग प्रसिद्ध केला. दक्षिण भारतांत आढळणाऱ्या, डोक्यावर केसांची टोपी असणाऱ्या जातीच्या ९ नर माकडांस त्यांनीं एपिन टोंचलें. पैकीं ७ नरांत प्रतिद्रव्यें भरपूर झालीं, आणि त्या सातांपैकीं एकालाही संतति झाली नाहीं. टोंचणें थांबविल्यावर ५ नरांची जननशक्ति परत आली.

या आंकड्यांतच आशा व अडचण दोन्हीं आहेत. ९ पैकीं २ शरीरें धडा शिकलींच नाहींत; आणि शिकलेल्या ७ पैकीं २ तो प्रयोगाच्या अवधींत विसरलीं नाहींत. निरोगी तरुणाला द्यावयाच्या उपायांत अशी अनिश्चितता चालत नाहीं. म्हणूनच ही लस अद्याप माणसांच्या वापरांत आलेली नाहीं. त्याच संशोधकांनीं पुढें लसीऐवजीं एपिनला चिकटणारें औषध शोधलें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या माकडांवरील प्रयोगांत त्या औषधानें शुक्रजंतूंची गति मंदावली, व १८ दिवसांत ती पूर्ववत् झाली.

एवढा खटाटोप कशासाठीं? २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या विवाहितांपैकीं ३७.९ टक्के जोडप्यांत नसबंदी पत्नीची झाली होती. पतीची केवळ ०.३ टक्क्यांत. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें, त्यास शंभर वर्षें उलटलीं. तरी शस्त्रक्रियेचा भार बहुतांशीं स्त्रीवरच आहे. पुरुषास आज निरोध व नसबंदी याखेरीज फारसा भरंवशाचा मार्ग नाहीं. तो मिळेल तेव्हां मिळो. परंतु हातीं असलेल्या साधनांचा विचार पतीनें पत्नीबरोबर बसून करावा, यासाठीं प्रयोगशाळेची वाट पाहण्याचें कारण नाहीं.