घणाच्या घावाचं गणित

हातभर लांबीची लोखंडी सळई घ्या. तिचं उत्तरेकडचं टोक जरा खाली झुकवून धरा आणि वरच्या टोकावर हातोडीचे ठोके घाला. मग खालचं टोक होकायंत्राजवळ न्या. सुईचं उत्तर टोक दूर सरतं. सळई उलटी करून पुन्हा ठोका, ध्रुवही उलटतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र इतकं दुबळं, की सळई नुसती धरून ठेवल्याने फारसं काही घडत नाही. ठोक्यांनी मात्र घडतं. विल्यम गिल्बर्ट यांच्या १६०० सालच्या ग्रंथात ऐरणीवर उत्तर-दक्षिण धरलेल्या सळईवर घण घालणाऱ्या लोहाराचं चित्र आहे. त्या घावाचं गणित मांडायला जवळजवळ चारशे वर्षं लागली.

लोखंडाच्या आत डोमेन नावाच्या सूक्ष्म वाड्या असतात. एका वाडीतल्या सगळ्या अणूंचं चुंबकत्व एकाच दिशेला असतं. बाहेरून क्षेत्र लावलं की वाड्यांच्या हद्दी सरकतात, पण धातूतल्या अशुद्धी आणि स्फटिकांतले दोष त्यांना अडवून धरतात. म्हणून क्षेत्र काढून घेतलं तरी चुंबकत्व मागे रेंगाळतं. या रेंगाळण्याला हिस्टेरेसिस हे नाव दिलं जेम्स आल्फ्रेड युइंग यांनी, १८८१ साली. तेव्हा ते टोकियोत शिकवत होते आणि चुंबकत्व दिलेल्या लोखंडी तारा पिळून पाहत होते. ताणाचं आणि या शब्दाचं नातं असं जन्मापासूनचं आहे. पाठ्यपुस्तकांतून ते गळून जातं, याची मला खंत वाटते.

१९८४ साली डेव्हिड जाइल्स आणि डेव्हिड ॲथर्टन यांनी जे प्रारूप मांडलं, त्याने हे नातं पुन्हा जोडलं. त्यांनी आधी एक साधा प्रश्न विचारला: अडथळेच नसते, तर लोखंड कुठे स्थिरावलं असतं? क्षेत्र बदलत नेलं की या उत्तरांचा एक काल्पनिक वक्र तयार होतो. त्या वक्रापासून खरं लोखंड किती मागे आहे, ते मग मोजायचं. ताण इथे दोन कामं करतो. जणू एखादं जादा क्षेत्र लावावं तसा तो हा वक्रच हलवतो. शिवाय अडकलेल्या हद्दी मोकळ्या करतो, आणि लोखंड जिथे जायला हवं होतं तिकडे सरकतं. लोहाराच्या घणाने होतं ते हेच.

दुसऱ्या कामाचा खरा कस एका कोड्यात लागला. क्रेक आणि वुड यांनी १९७० साली स्थिर क्षेत्रात पोलाद एकदा ताणलं, एकदा दाबलं. परिणाम उलटसुलट यायला हवे होते. पण सुरुवातीचा बदल दोन्ही वेळा एकाच दिशेने झाला! जाइल्स यांनी १९९५ मध्ये याचं उत्तर दिलं. हद्दी मोकळ्या करते ती ताणाची स्थितिस्थापक ऊर्जा, आणि ती ताणाच्या वर्गावर अवलंबून असते. वर्ग केला की अधिक-उणेचा फरकच उरत नाही. इतकं सोपं, तरीही इतक्या उशिरा सुचलेलं उत्तर मी क्वचित पाहिलं आहे.

एकाच दिशेच्या ताणाला हे प्रारूप चांगलं बसतं. दोन-तीन दिशांचे ताण एकत्र आले, किंवा धातू कायमचा वाकला, की त्यात भर घालावी लागते. ट्रान्सफॉर्मरच्या कोअरचा पत्रा कापताना कडेला हेच घडतं. तिथे धातू चेपला जातो आणि ऊर्जेचा ऱ्हास वाढतो. तो ताण घालवायला कापलेला पत्रा भट्टीत तापवून सावकाश थंड करतात.

ॲथर्टन यांचा ओढा गॅसच्या नळांकडे होता. जमिनीखालच्या नळातून चुंबक लावलेलं तपासणी यंत्र फिरवतात. जिथे गंजाने भिंत झिजलेली असते, तिथे चुंबकीय क्षेत्र बाहेर डोकावतं. पण वाहत्या गॅसच्या दाबाने नळाची भिंत सतत ताणलेली असते. त्यामुळे तोच खड्डा रिकाम्या नळात एक खूण दाखवतो आणि भरल्या नळात दुसरी.