हल्लासान

हल्लासान हा दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरील ज्वालामुखी पर्वत आहे. १,९४७ मीटर उंचीचा हा पर्वत त्या देशातील सर्वोच्च होय. कोरियन भाषेत 'सान' म्हणजेच पर्वत. त्यामुळे 'हल्लासान पर्वत' असे लिहिणे ही द्विरुक्ती ठरते. 'आकाशगंगेला हात लावून ओढता येईल इतका उंच' अशी या नावाची पारंपरिक व्युत्पत्ती सांगतात. मराठीतील 'हल्ला' या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही.

भूरचना

पातळ लाव्हा दूरवर पसरत गेल्यामुळे पर्वताला पालथ्या ढालीसारखा मंद उतार लाभला आहे. माथ्यावरील विवरात बेंगनोकदाम, म्हणजे 'शुभ्र हरिणाचे तळे', आहे. खडक सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी झपाट्याने जमिनीत मुरते. म्हणूनच विपुल पाऊस पडूनही तळ्यात बहुधा थोडेच पाणी असते आणि बेटावरील बहुतेक ओढे एरवी कोरडे राहतात. मुरलेले पाणी किनाऱ्यालगत झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. जुनी गावे तेथेच वसली, त्याचे हे कारण.

बेटावर 'ओरुम' नावाच्या तीनशेहून अधिक ज्वालामुखी टेकड्या विखुरल्या आहेत. सॉलमुनदे नावाच्या महाकाय आजीने ओच्यातून माती वाहून पर्वत रचला आणि वाटेत सांडलेल्या मातीच्या या टेकड्या झाल्या, अशी लोककथा आहे.

इतिहास

कोरियाच्या दक्षिण भागात स्वतंत्र निवडणूक घेण्यास विरोध म्हणून ३ एप्रिल १९४८ रोजी बेटावर सशस्त्र उठाव झाला. बंडखोरांनी हल्लासानचा आश्रय घेतला. ऑक्टोबरमध्ये किनाऱ्यापासून पाच किलोमीटरपलीकडील प्रदेशात वावरण्यास शासनाने बंदी घातली व डोंगरउतारावरील गावे जाळण्यात आली. शासकीय समितीच्या अंदाजानुसार एकूण २५ ते ३० हजार माणसे मारली गेली. त्यांत निःशस्त्र ग्रामस्थांचा भरणा मोठा होता. पर्वत सप्टेंबर १९५४ मध्ये पुन्हा खुला झाला. राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यून यांनी २००३ मध्ये शासनाच्या वतीने क्षमा मागितली. आज येथे येणाऱ्या अनेक पर्यटकांना हा इतिहास ठाऊक नसतो.

पदभ्रमण

१९७० पासून हा परिसर राष्ट्रीय उद्यान आहे. २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. माथ्यापर्यंत दोनच वाटा जातात: सॉन्गपानाक (९.६ किमी) ही लांब पण सौम्य, तर ग्वानउम्सा (८.७ किमी) अधिक चढणीची. गर्दी आवरण्यासाठी २०२१ पासून या वाटांवर आगाऊ नोंदणीची पद्धत आहे. ठरलेल्या वेळेत वरचा विसावा न गाठल्यास पुढे सोडत नाहीत. योंगशिलची वाट माथ्यापर्यंत जात नाही, परंतु कड्यांच्या देखाव्यामुळे पुष्कळांना तीच अधिक आवडते.

उंचावर कोरियन फर वृक्षांचे वन आहे. अर्नेस्ट हेन्री विल्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२० मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. पाश्चात्त्य देशांत नाताळचे झाड म्हणून तिची लागवड होते. मूळ स्थानी मात्र ती धोक्यात आहे. वाढते तापमान, हिवाळ्यातील घटते हिम आणि वादळे यांमुळे झाडे वाळत असून, त्यांची पांढरी पडलेली खोडे वाटेच्या कडेने उभी दिसतात.