बांडगूळ आणि त्याचा यजमान वृक्ष

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांच्या आवारात आणि शेतांच्या बांधांवर आंब्याची जुनी झाडे आढळतात. अशा झाडाच्या फांदीवर वेगळ्याच पानांचा दाट झुबका दिसला, तर ते बहुधा बांडगूळ असते.

बांडगूळ ही अर्धपरोपजीवी वनस्पती होय. पाने हिरवी असल्याने ती अन्न स्वतः तयार करते. मात्र पाणी व क्षार यांसाठी आपली शोषकमुळे यजमान वृक्षाच्या काष्ठात रुतवते. परिणामी त्यापुढची फांदी रोडावते व फळधारणा घटते. तथापि, वृक्ष वाळला की बांडगूळही मरते. यजमानाचे जीवन हाच परोपजीवीचा आधार असतो.

या संबंधात इतर जीवही सहभागी आहेत. फुलटोच्या पक्षी बांडगुळाची फळे खातो व चिकट बिया फांद्यांवर टाकतो. हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या त्याच्या पानांवर पोसल्या जातात. म्हणून रानातून त्याचे समूळ उच्चाटन इष्ट नव्हे.

फळझाडांवर मात्र नियंत्रण आवश्यक ठरते. बांडगूळ नुसते ओरबाडल्यास आत राहिलेल्या भागातून ते पुन्हा फुटते. त्यामुळे त्याची फळे पिकण्यापूर्वीच, जोडाच्या खोडाकडील बाजूने फांदी छाटावी. नागरी क्षेत्रात १९७५ च्या वृक्ष संरक्षण अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी. ग्रामपंचायती व शाळांनी आपल्या आवारातील झाडांची दरवर्षी पाहणी केल्यास अनेक जुने वृक्ष वाचू शकतील.